बॅटरीविना पेसमेकर, स्पर्शाविना हृदयतपासणी
शरीरातील अत्यल्प ऊर्जा आणि अणुबाष्पातील प्रकाश यांवर जगभर सुरू असलेल्या संशोधनाचा वेध

छातीच्या त्वचेखाली बसवलेला पेसमेकर सहसा बिघडला म्हणून बदलावा लागत नाही. त्याची बॅटरी संपत आली म्हणून बदलावा लागतो. साधारणपणे सात ते बारा वर्षांनी रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागते आणि जुन्या व्रणाच्या जागी पुन्हा छेद घ्यावा लागतो. बॅटरी टायटॅनियमच्या डबीत कायमची बंद केलेली असल्याने ती स्वतंत्रपणे बदलता येत नाही. हृदयात गेलेल्या तारा सुस्थितीत असल्यास तशाच ठेवल्या जातात आणि संपूर्ण डबी नवी बसवली जाते. ही शस्त्रक्रिया लहान असली तरी निर्धोक नाही. पहिल्या रोपणाच्या तुलनेत अशा फेरबदलाच्या वेळी जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. सत्तरीतील रुग्णाला हा अनुभव एखाद-दुसऱ्या वेळी येतो. जन्मतः हृदयाची गती मंद असलेल्या बालकापुढे मात्र अशा शस्त्रक्रियांची आयुष्यभराची मालिका असते.

ही मालिका थांबवता येईल का, या प्रश्नाभोवती गेल्या दोन-तीन दशकांत संशोधनाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली आहे. हृदयाचे स्पंदन, श्वासाची हालचाल, रक्तातील शर्करा किंवा त्वचेतून आत पोहोचणारा प्रकाश यांपासून वीज मिळवून शरीरातील उपकरणे चालवण्याचा हा प्रयत्न ‘ऊर्जासंकलन’ या नावाने ओळखला जातो. याच काळात भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या एका दालनात, काचेच्या इवल्याशा कुपीतील अणुबाष्पातून प्रकाश पाठवून हृदय व मेंदूचे अतिक्षीण चुंबकीय क्षेत्र शरीराला स्पर्श न करता मोजण्याचे तंत्र विकसित झाले. ही दोन संशोधने वेगळ्या प्रयोगशाळांत वाढली असली, तरी त्यांची कसोटी एकच आहे. शरीर देत असलेली ऊर्जा आणि शरीर देत असलेला संकेत, दोन्ही अत्यंत अल्प असतात. त्या अल्पाचा उपयोग करता येईल का, हाच दोन्हींपुढील प्रश्न आहे.

पेसमेकरचा इतिहास म्हणजे बॅटरीचा इतिहास

शरीरात पूर्णतः रोपण केलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात बसवण्यात आला. शल्यविशारद होते ओके सेनिंग आणि उपकरण घडवणारे अभियंते होते रुने एल्मक्विस्ट. त्या उपकरणात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती आणि ती त्वचेबाहेरील वेटोळ्याच्या साहाय्याने, विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने पुन्हा भारित करावी लागे. म्हणजे बाहेरून ऊर्जा देण्याची कल्पना पहिल्या दिवसापासूनच पेसमेकरच्या सोबत होती. ते पहिले उपकरण काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. लार्सन मात्र त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगले. या काळात त्यांच्यासाठी वीसहून अधिक पेसमेकर वापरावे लागले. २००१ मध्ये वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, ते हृदयविकाराने नव्हे.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील विल्सन ग्रेटबॅच यांच्या आरेखनातून साकारलेल्या पेसमेकरमध्ये जस्त-पाऱ्याच्या बॅटऱ्या असत. त्यांतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असल्याने डबी हवाबंद करता येत नसे आणि आयुष्यही जेमतेम दोन वर्षांच्या आसपास असे. त्यावर उपाय म्हणून १९७० मध्ये पॅरिसमध्ये प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सारी मूलद्रव्यावर चालणारा पेसमेकर बसवण्यात आला. या मूलद्रव्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे ८८ वर्षांचा असल्याने बॅटरी बदलण्याचा प्रश्न जवळजवळ मिटला. परंतु रुग्णाच्या मृत्यूनंतर प्रत्येक उपकरण शोधून परत घेण्याची जबाबदारी उभी राहिली. अखेर १९७२ मध्ये मानवी शरीरात प्रथम वापरल्या गेलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीने बाजी मारली. ती हवाबंद होती, टिकाऊ होती आणि संपण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना देणारी होती. आजच्या बहुतेक पेसमेकरांचा आधार तिच्यापासून पुढे विकसित झालेल्या लिथियम बॅटऱ्याच आहेत. डबीचे निम्मे किंवा त्याहून अधिक आकारमान आजही बॅटरीच व्यापते.

गरज किती, उपलब्धता किती

पेसमेकरच्या बॅटरीची क्षमता साधारणतः एक अँपिअर-तास आणि विद्युतदाब २.८ व्होल्ट धरला, तर तिच्यात सुमारे १० हजार ज्यूल ऊर्जा साठवलेली असते. ही ऊर्जा दहा वर्षांवर समान वाटल्यास सरासरी ३२ मायक्रोवॅट शक्ती मिळते. एक मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. घरातील नऊ वॅटचा एक एलईडी दिवा जेवढी वीज वापरतो, तेवढ्या विजेवर पावणेतीन लाखांहून अधिक पेसमेकर चालू शकतील. आधुनिक उपकरणांची गरज तर याहूनही कमी, दहा मायक्रोवॅटच्या आसपास आणता आली आहे.

दुसऱ्या बाजूला, विश्रांतीच्या अवस्थेतील मानवी हृदय रक्त ढकलण्यासाठी सुमारे एक वॅट यांत्रिक शक्ती खर्च करते. म्हणजे पेसमेकरला लागणारी शक्ती ही हृदयाच्या स्वतःच्या कार्याचा सुमारे तीस हजारावा हिस्सा आहे. एवढा अल्प वाटा हृदयाकडून परत मिळवता आला, तर बॅटरीची गरजच उरणार नाही, असे हे साधे गणित आहे. कागदावर सोपे दिसणारे हे गणित शरीरात उतरवताना काय घडते, याचीच कहाणी पुढील प्रयोग सांगतात.

घड्याळापासून लवचीक पटलापर्यंत

मनगटाच्या हालचालीने आपोआप किल्ली बसणारे स्वयंचलित घड्याळ सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील संशोधकांनी अशाच घड्याळाची यंत्रणा हृदयाच्या पृष्ठभागावर बसवण्याची कल्पना मांडली. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर यंत्रणेतील वजन हलते, स्प्रिंग आवळली जाते आणि ती सुटताना सूक्ष्म जनित्र फिरून वीज निर्माण होते. एड्रियन झुरबुखेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, या यंत्रणेच्या विजेवर, बॅटरीविना, डुकराच्या हृदयाला गती देता आली.

घड्याळाची यंत्रणा कठीण धातूची, तर हृदय मऊ आणि सतत आकार बदलणारे. ही विसंगती टाळण्यासाठी पिझोइलेक्ट्रिक पदार्थांकडे लक्ष वळले. अशा पदार्थांवर दाब पडला किंवा ते वाकवले गेले, की त्यांच्या दोन पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो. गॅसच्या शेगडीसाठी वापरल्या जाणाऱ्या काही लायटरांतील ठिणगी याच गुणधर्मातून येते. अमेरिकेतील जान दागदेविरेन, जॉन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी या पदार्थाच्या अतिशय पातळ पट्ट्या लवचीक पटलावर बसवल्या आणि गायी-मेंढ्यांसारख्या मोठ्या प्राण्यांच्या हृदयावर, फुप्फुसावर व श्वासपटलावर लावून वीज मिळवून दाखवली. हे संशोधनही २०१४ मध्येच प्रसिद्ध झाले. मात्र अशा पदार्थांपैकी सर्वांत कार्यक्षम पदार्थात शिसे असते. तो शरीरात दीर्घकाळ ठेवायचा तर आवरण अभेद्य असावे लागते.

तिसरा मार्ग घर्षणविद्युतीचा आहे. कोरड्या केसांतून कंगवा फिरवल्यावर तो कागदाचे कपटे उचलतो, हा शाळेतील प्रयोग अनेकांना आठवत असेल. दोन भिन्न पृष्ठभाग एकमेकांना टेकले आणि विलग झाले की त्यांच्यात विद्युतभाराची देवाणघेवाण होते. चीनमधील संशोधकांनी या तत्त्वावर हृदयालगत बसणारे जनित्र तयार करून २०१९ मध्ये ‘सहजीवी पेसमेकर’ या नावाने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डुकरांवरील या प्रयोगात प्रत्येक हृदयस्पंदनातून ०.४९५ मायक्रोज्यूल ऊर्जा जमा झाली. हृदयाला एक ठोका देण्यासाठी आवश्यक असलेली किमान ऊर्जा संशोधकांनी ०.३७७ मायक्रोज्यूल नोंदवली होती. म्हणजे एका ठोक्याने पुढच्या ठोक्याची तजवीज केली आणि थोडे शिल्लकही उरले.

ही शिल्लक आशादायक असली तरी निर्णायक नाही. पेसमेकर केवळ ठोका देत नाही. हृदयाचा स्वतःचा ठोका पडतो आहे का, याकडे तो अखंड लक्ष ठेवतो, नोंदी साठवतो आणि डॉक्टरांच्या यंत्राशी संपर्क साधतो. या सर्वांना ऊर्जा लागते. शिवाय या मार्गात एक मूलभूत पेच आहे. हृदय मंदावले किंवा थांबले, तेव्हाच पेसमेकरची सर्वाधिक गरज असते. आणि नेमक्या त्याच क्षणी हृदयाच्या हालचालीवर चालणारे जनित्रही मंदावते. त्यामुळे अशा कोणत्याही यंत्रणेत मधल्या काळासाठी ऊर्जेचा साठा ठेवावाच लागतो. बॅटरी पूर्णपणे हद्दपार होईल असे म्हणण्यापेक्षा, ती लहान होईल आणि सतत भरत राहील, असे म्हणणे अधिक वास्तववादी ठरते.

टिकाऊपणाची परीक्षाही कठोर आहे. मिनिटाला ७० ठोके धरले तर हृदय दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ६८ लाख वेळा आकुंचन पावते. दहा वर्षांत हा आकडा ३६ कोटींच्या पुढे जातो. एवढ्या वेळा वाकूनही न भेगाळणारे पटल तयार करणे ही पदार्थविज्ञानाची समस्या आहे. शिवाय शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतुमय ऊतीचे वेष्टन तयार करते आणि त्यामुळे पटलाची हालचाल हळूहळू मंदावू शकते. आधीच दुर्बळ झालेल्या हृदयावर जनित्राचा अतिरिक्त भार पडता कामा नये, ही अटही आहेच.

रक्तातील शर्करा आणि कानातील नैसर्गिक बॅटरी

हालचालीवर अवलंबून न राहता शरीरातील रसायनांपासून वीज मिळवण्याचा मार्गही चाचपला जात आहे. ग्लुकोजच्या ऑक्सिडीकरणातून मुक्त होणारे इलेक्ट्रॉन बाह्य मंडलातून वाहू दिले, की इंधनघट तयार होतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी २०१० मध्ये जिवंत उंदरांच्या शरीरात असा घट बसवून वीज मिळवली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीमध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ राहुल सरपेशकर यांच्या गटाने २०१२ मध्ये सिलिकॉन चिपवर बनणारा ग्लुकोज-इंधनघट सादर केला. मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील शर्करेवर तो चालू शकेल, अशी त्यामागची कल्पना होती. २०२२ मध्ये एमआयटी आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी केवळ ४०० नॅनोमीटर जाडीचा सिरॅमिक घट तयार केला. त्याने प्रयोगशाळेत प्रतिचौरस सेंटिमीटर ४३ मायक्रोवॅटपर्यंत शक्ती दिली. हा घट ६०० अंश सेल्सिअस तापमान सहन करतो, त्यामुळे रोपणापूर्वी त्याचे उच्च तापमानाला निर्जंतुकीकरण करणे शक्य आहे.

अंतर्कर्णातील शंखाकृती भागात तर निसर्गानेच एक बॅटरी ठेवली आहे. तेथील दोन द्रवांत ७० ते १०० मिलिव्होल्टचा विद्युतविभव कायम असतो आणि श्रवणक्रिया त्यावर अवलंबून असते. २०१२ मध्ये अनंत चंद्रकासन, कॉन्स्टान्टिना स्टान्कोविच आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या कानातील या विभवावर एक सूक्ष्म परिपथ पाच तासांपर्यंत चालवून दाखवला. त्यातून मिळालेली शक्ती जेमतेम एक नॅनोवॅटच्या घरात होती, म्हणजे पेसमेकरच्या गरजेच्या हजारो पट कमी. तरीही या प्रयोगाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. ऊर्जेचा स्रोत मोठा करता येत नसेल, तर उपकरणाची भूक कमी करता येते. तो परिपथ ऊर्जा थेंबाथेंबाने साठवत असे आणि पुरेशी जमल्यावर क्षणभर जागा होऊन संदेश पाठवत असे.

बाहेरून ऊर्जा देण्याचा मार्गही पुन्हा चर्चेत आहे. श्रवणदोषावरील कॉक्लियर इम्प्लांटमध्ये त्वचेबाहेरील भागाकडून आतील भागाला प्रवर्तनाने ऊर्जा देण्याची पद्धत आज सर्रास वापरली जाते. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१९ मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींनी त्वचेखालील घर्षणविद्युत पटल कंपित करून ऊर्जा पोहोचवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. या पद्धतींत रुग्णाला ठरावीक काळाने उपकरण ‘चार्ज’ करावे लागते. मोबाइल चार्ज करायला विसरल्यास गैरसोय होते. जीवनावश्यक उपकरणाच्या बाबतीत तोच विसर प्राणावर बेतू शकतो. म्हणूनच डॉक्टर अशा पद्धतींकडे सावधपणे पाहतात.

तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या जॉन रॉजर्स, इगोर एफिमोव्ह आणि सहकाऱ्यांनी जगातील सर्वांत लहान पेसमेकर सादर केला. ३.५ मिलिमीटर लांब, १.८ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असे हे उपकरण तांदळाच्या दाण्याहूनही लहान असून सुईवाटे शरीरात सोडता येते. त्यात नेहमीची बॅटरी नाही. दोन भिन्न धातूंची विद्युतअग्रे शरीरातील द्रवांच्या संपर्कात आली, की तेथेच एक विद्युतघट तयार होतो. उपकरणात प्रकाशसंवेदी कळ असते. छातीवर चिकटवलेल्या पट्टीला हृदयगतीत अनियमितता आढळताच ती अवरक्त प्रकाशाचे स्पंद पाठवते. हा प्रकाश त्वचा व स्नायूंतून आत पोहोचतो, कळ जुळते आणि हृदयाला ठोका मिळतो.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ठोक्याची ऊर्जा प्रकाशातून नव्हे, तर धातू व शरीरद्रव यांच्या रासायनिक क्रियेतून येते. प्रकाश केवळ आज्ञा देतो. काम संपल्यावर संपूर्ण उपकरण शरीरात विरघळून जाते. त्यामुळे ते कायमस्वरूपी पेसमेकरची जागा घेणार नाही. जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांपुरता आधार लागणाऱ्या नवजात बालकांना मात्र त्याचा लाभ होऊ शकतो. आज अशा बालकांच्या छातीतून तात्पुरत्या तारा बाहेर काढलेल्या असतात आणि त्या ओढून काढताना रक्तस्रावाची भीती असते. हे उपकरण प्राण्यांवर आणि अवयवदात्यांच्या हृदयांवर तपासले गेले आहे.

अणुबाष्पातून वाचले जाणारे हृदय

प्रकाश शरीराच्या आत आज्ञा नेऊ शकतो, तसाच तो शरीराबाहेर थांबून आतला संकेत वाचूही शकतो. येथे अणुबाष्प प्रकाशिकीचे दालन सुरू होते.

हृदयातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. छातीजवळ त्याची तीव्रता सुमारे ५० ते १०० पिकोटेस्ला असते. भारतात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारणतः ४० ते ५० मायक्रोटेस्ला असते. म्हणजे हृदयाचे क्षेत्र त्याच्यापेक्षा पाच ते दहा लाख पटींनी क्षीण आहे. मेंदूचे क्षेत्र आणखी हजार पट दुबळे असते. १९६३ मध्ये अमेरिकेत हृदयाचे हे क्षेत्र प्रथम वेटोळ्यांच्या साहाय्याने नोंदवले गेले. पुढे अतिसंवाहक संवेदक आले, पण त्यांना द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते. परिणामी ही तपासणी मोजक्या, खर्चिक केंद्रांपुरती सीमित राहिली.

अणुबाष्पाने नेमका हा अडसर दूर केला. काचेच्या बंद कुपीत रुबिडियम किंवा सीझियम या अल्कली धातूचा कण ठेवतात. रुबिडियम सुमारे ३९ अंश सेल्सिअसला, म्हणजे कडक उन्हाळ्यातील दुपारच्या तापमानाला वितळतो. कुपी आणखी तापवली, की तिच्यात अणूंचे विरळ बाष्प भरते. प्रत्येक अणू हा एका सूक्ष्म चुंबकासारखा असतो आणि सामान्यतः ते सर्व दिशांना विखुरलेले असतात. विशिष्ट तरंगलांबीचा वर्तुळ-ध्रुवित लेसर प्रकाश त्यांवर टाकला, की ते एका दिशेने रांगेत येतात. ‘ऑप्टिकल पम्पिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे जनक, फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड कास्लर यांना १९६६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रांगेत आलेले अणू लेसरचा प्रकाश जवळजवळ शोषत नाहीत. तो आरपार जातो. मात्र बाहेरील चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाने हे अणू भोवऱ्यासारखे डोलू लागतात, रांग बिघडते आणि पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशात बदल होतो. तो बदल मोजला, की क्षेत्र कळते. या डोलण्याची गती क्षेत्राच्या प्रमाणात असते. रुबिडियम-८७ चे अणू ४५ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला सुमारे ३ लाख १५ हजार वेळा डोलतात. हृदयाचे ५० पिकोटेस्लाचे क्षेत्र या आकड्यात सेकंदाला अर्ध्या फेरीचाही फरक पाडत नाही. तो फरक ओळखणे, हीच या तंत्राची कसोटी.

२००३ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे मायकेल रोमालिस आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची संवेदनक्षमता एका फेम्टोटेस्लाच्याही खाली नेली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग येथे अंतोआन वाइस यांच्या गटाने सीझियम बाष्पाच्या साहाय्याने मानवी हृदयाच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी शिरस्त्राणासारखे डोक्यावर घालता येणारे मेंदू-चुंबकमापन यंत्र सादर केले. ते घातलेली व्यक्ती मान हलवत, चेंडू टोलवत असतानाही मेंदूच्या नोंदी घेता आल्या.

हृदयाच्या बाबतीत या तंत्राचे सर्वांत हृद्य उपयोजन गर्भातील बाळासाठी आहे. गर्भाच्या त्वचेवरील मेणासारखा थर विद्युतरोधक असल्याने आईच्या पोटावरून बाळाचा विद्युतहृदयालेख मिळवणे गर्भारपणाच्या उत्तरार्धात कठीण होते. चुंबकीय क्षेत्राला हा थर अडवत नाही. बाळाच्या हृदयगतीतील गंभीर दोष जन्माआधीच नेमकेपणाने कळले, तर कोणत्या बालकाला जन्मानंतर लगेच पेसमेकरची गरज भासेल, याची तयारी ठेवता येते.

दोन वाटा कोठे मिळतात

ही दोन तंत्रे एकाच उपकरणात एकत्र येण्याची शक्यता नजीकच्या काळात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्येच तांदळाच्या दाण्याएवढा अणुबाष्प चुंबकमापक तयार केला होता. पण बाष्प तापवण्यासाठी आणि लेसरसाठी लागणारी शक्ती पेसमेकरच्या गरजेच्या हजारो पट असते. हा संवेदक शरीराबाहेरच राहणार. दुसरीकडे, रोपण केलेल्या उपकरणातील धातूचे भाग आणि विद्युतस्पंद स्वतःच चुंबकीय गोंगाट निर्माण करतात. त्यामुळे पेसमेकर बसवलेल्या रुग्णाची चुंबकीय तपासणी अधिक अवघड होते. शिवाय सर्वाधिक संवेदनक्षम अणुबाष्प संवेदकांना पृथ्वीचे क्षेत्र रोखणारे खास धातूचे कवच लागते.

तरीही दोन्ही वाटा रुग्णाच्या खाटेपाशी मिळतात. कोणाला पेसमेकरची खरोखर गरज आहे, हृदयाच्या कोणत्या भागातून विस्कळीत संकेत उठतो आहे, हे जितके अचूक कळेल, तितके अनावश्यक रोपण टळेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फेरुच्चिओ रेंझोनी आणि लुका मार्मुजी यांनी २०१६ मध्ये, अणुबाष्प चुंबकमापकाने हृदयातील विद्युतवाहकतेचा नकाशा बाहेरूनच तयार करण्याची कल्पना मांडली, ती याच दिशेने. एक संशोधन उपकरणाची गरज नेमकी ठरवते, दुसरे त्या उपकरणाचे आयुष्य वाढवते.

भारतासाठी महत्त्व

भारतात हा विषय केवळ वैज्ञानिक कुतूहलाचा नाही. येथे पेसमेकरचा पहिला खर्च अनेक कुटुंबे कर्ज काढून भागवतात. दहा वर्षांनी तोच खर्च पुन्हा उभा राहतो. दहनसंस्कारापूर्वी मृताच्या शरीरातील पेसमेकर काढावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. अशा उपकरणांत कधी कधी बरीच बॅटरी शिल्लक असते. अमेरिकेत मृत्यूनंतर कुटुंबीयांनी दान केलेले, निर्जंतुक करून घेतलेले पेसमेकर मुंबईतील होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना बसवण्यात आले होते. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच्या उपकरणातील उरलेल्या बॅटरीवर दुसऱ्याचे आयुष्य चालू शकते, हे वास्तव या संशोधनाची निकड कोणत्याही आलेखापेक्षा स्पष्टपणे सांगते.

रोपणयोग्य उपकरणे देशात घडवण्याचा अनुभव भारताकडे आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केलेली कृत्रिम हृदयझडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. त्या झडपेला विजेची गरज नव्हती. पुढचे आव्हान विजेवर चालणाऱ्या उपकरणांचे आहे. अणुबाष्पाच्या बाबतीत पाया अधिक भक्कम होत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. अणुप्रणालींवर आधारित उच्च संवेदनक्षमतेचे चुंबकमापक विकसित करणे हे त्याच्या घोषित उद्दिष्टांपैकी एक आहे. या मिशनचे क्वांटम संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र मुंबईच्या आयआयटीमध्ये आहे. बंगळूरु येथील रामन संशोधन संस्थेतही अल्कली अणू आणि प्रकाश यांच्या परस्परक्रियेवर संशोधन होत आहे.

प्रयोगशाळेतून रुग्णालयापर्यंतचे अंतर मात्र मोठे आहे. भारताच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार पेसमेकर सर्वाधिक जोखमीच्या ‘ड’ वर्गात मोडतो. अशा उपकरणाचा ऊर्जास्रोत बदलणे म्हणजे सुरक्षिततेची संपूर्ण परीक्षा पुन्हा देणे. वर उल्लेखिलेले हृदयस्पंदनावरील प्रयोग प्राण्यांवरच झालेले आहेत, हे विसरता येणार नाही.

म्हणूनच आज पेसमेकर वापरणाऱ्या रुग्णांनी या बातम्यांच्या भरवशावर बॅटरीबदल पुढे ढकलू नये. बॅटरी संपण्याच्या काही महिने आधी उपकरण तशी सूचना देते आणि नियमित तपासणीत ती डॉक्टरांच्या लक्षात येते. ‘शरीरऊर्जा’ किंवा ‘चुंबकीय उपचार’ यांच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा या संशोधनाशी काहीही संबंध नाही. उलट तीव्र चुंबक पेसमेकरच्या कार्यात बाधा आणू शकतात.

बॅटरी एका दिवसात नाहीशी होणार नाही. उपकरणांची गरज मायक्रोवॅटने कमी होत जाईल, शरीराकडून मिळणारी ऊर्जा मायक्रोवॅटने वाढत जाईल आणि या दोन रेषा जेथे मिळतील, तेथे एखाद्या बालकाच्या वाट्याला येणाऱ्या शस्त्रक्रियांच्या मालिकेतील एक शस्त्रक्रिया कमी झालेली असेल. या संशोधनाचे खरे मोजमाप तेच असेल.